कारागिरांच्या सामायिक यादीत तारे, मतं आणि पत कशी मोजावी?

पत्र्याची_शेड (धागाकर्ता)

मुलुंड पूर्वेकडच्या ३४ सोसायट्यांची मिळून एक कारागीर-यादी करायची ठरते आहे. प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, वॉटरप्रूफिंगवाले, टाकी साफ करणारे. सध्या सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर "कुणाकडे चांगला प्लंबर आहे का?" एवढ्यावर चालतो, आणि ज्याचा नंबर आधी पडेल तो चांगला.

कच्चा आराखडा असा: प्रत्येकापुढे पाच तारे आणि त्यांची सरासरी. सदनिकेमागे एक मत. भरपूर शेरे लिहिणाऱ्या सभासदाला "विश्वासू परीक्षक" हा बिल्ला, आणि बिल्लेवाल्याच्या मताला दुप्पट वजन. सर्वांत लहान सोसायटी तळ अधिक तीन, १६ सदनिका. सर्वांत मोठा टॉवर २८० सदनिकांचा. यादी सगळ्यांना उघडी, सरासरीच्या क्रमाने.

हे कुठे फुटेल ते सांगा. कौतुक नको.

सरासरीचा_शत्रू

सरासरीपासूनच फुटेल. नव्या प्लंबरची दोन कामं, दोन्हींना पाच तारे, की तो ५.० घेऊन सगळ्यांच्या वर. साठ कामं करून ४.५ टिकवलेला त्याच्या खाली.

साधा उपाय: प्रत्येकाच्या खात्यात सुरुवातीलाच काही काल्पनिक मतं टाकायची, पूर्ण यादीच्या सरासरीइतक्या ताऱ्यांची. समजा यादीची सरासरी ४.१ आणि काल्पनिक मतं १०. मग नव्याचा हिशोब (४१ + १०) भागिले १२, म्हणजे ४.२५. जुन्याचा (४१ + २७०) भागिले ७०, म्हणजे ४.४४. क्रम सरळ झाला. उलट बाजूनेही उपयोग होतो. कुणाला पहिल्याच दोन गिऱ्हाइकांनी एकेक तारा दिला तरी तो १ वर आपटत नाही, ३.५८ वर थांबतो.

पण खरं सांगायचं तर तारेच काढा. लोक खूश असले की पाच देतात, चिडले की एक, मधले तीन तारे शोभेला. यूट्यूबने हेच पाहून २०१० मध्ये तारे काढले आणि आवडलं-नावडलं एवढंच ठेवलं. शिवाय तारा म्हणजे काय हे पिढीवर आहे. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास मानणारे काका तीन तारे देतात तेव्हा ते कौतुक करत असतात. अ‍ॅपवर टॅक्सी बोलावणारी त्यांची सून चार देते तेव्हा ती तक्रार करत असते.

त्याऐवजी हो-नाहीचे चार प्रश्न विचारा. सांगितलेल्या वेळेच्या तासाभरात आला का? आधी सांगितलेल्या पैशांतच काम झालं का? तोच दोष परत आला का? पुन्हा यालाच बोलवाल का? क्रम शेवटच्या प्रश्नावर लावा, बाकीची तीन उत्तरं नुसती दाखवा.

आणि क्रम लावताना "हो"ची टक्केवारी घेऊ नका, संख्याशास्त्रज्ञ विल्सन यांच्या १९२७ च्या सूत्राची खालची मर्यादा घ्या. म्हणजे "मतं एवढीच असताना खरं प्रमाण निदान किती असेल" याचा ९५ टक्के खात्रीचा अंदाज. २ पैकी २ "हो" असतील तर ०.३४. १० पैकी १० ला ०.७२. ४० पैकी ३६ ला ०.७७. १०० पैकी ९० ला ०.८३. सगळीच मतं "हो" असतील तर हिशोब तोंडी करता येतो: मतं भागिले (मतं + ३.८४). रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने प्रतिसादांचा "बेस्ट" क्रम २००९ मध्ये याच सूत्रावर आणला.

कोबावाला

सूत्र ठीक आहे. पण मत विचारता कधी, यावर सगळं आहे. आराखड्यात त्याचा उल्लेखच नाही.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्ये होतं. मेअखेरीस विचारलंत तर शंभरपैकी शंभर "हो" येतील, कारण चायना मोझॅक, म्हणजे वरची टाइलच्या तुकड्यांची फरशी, नवं कोरं चकचकतंय. पॉन्ड टेस्ट म्हणजे ड्रेन बंद करून पाणी साठवून ठेवणं. ती पास झाली तरी परीक्षा सपाट भागाचीच झाली. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी काढलेली वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, स्लॅबमधून पाइप बाहेर येतो ती जागा आणि भिंतीवर तिरका मारणारा पाऊस यांचा निकाल जुलैत लागतो. तोवर ठेकेदाराचे तारे छापून झालेले असतात, आणि जूनमध्ये आणखी दहा सोसायट्या त्याला आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या असतात.

म्हणून कामागणिक मुदत वेगळी ठेवा:

नळ, फ्लश, वायसर बदलणं: सातव्या दिवशी एकदा, तिसाव्या दिवशी पुन्हा. वायसर चुकीच्या मापाचा असेल तर गळती दोन-तीन आठवड्यांतच परत सुरू होते, सातव्या दिवशी कळत नाही.

टाकी सफाई: उलटं. त्याच दिवशी, पाणी भरण्याआधी, तळाच्या फोटोसकट. टाकी भरली की कोणी काय केलं ते कुणालाच सांगता येत नाही.

सुतारकाम: उन्हाळ्यात बसवलेलं दार एक पावसाळा गेल्यावर. फुगून चौकटीत अडकतं की नाही ते तेव्हा कळतं.

बाहेरचा रंग आणि वॉटरप्रूफिंग: पहिलं मत ३० सप्टेंबरनंतर, दुसरं पुढच्या वर्षी त्याच सुमारास. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन.

मतं जुनी होतात त्याचाही हिशोब वेगवेगळा हवा. वर्षाने मताचं वजन निम्मं करायचं, हा सर्रास लावला जाणारा नियम प्लंबरला चालेल. वॉटरप्रूफिंगला तोच लावलात तर मत पिकायच्या आधीच निम्मं वाळून जाईल. तिथे चार वर्षांनी निम्मं.

लोकल_धीमी

"पुन्हा यालाच बोलवाल का" ला आमच्या मजल्यावर एकमुखी उत्तर येईल: तो फोन उचलेल तर.

सरासरीचा_शत्रू

@लोकल_धीमी, विनोद म्हणून ठीक, पण हा पाचवा प्रश्न खरंच घ्यायला हवा. जो आलाच नाही त्याच्याबद्दल मत कुणी देत नाही, कारण काम झालेलं नसतं. यादीवरून फोन केला आणि चोवीस तासांत उत्तर नाही, तर तीही नोंद धरा. नाहीतर निवडक कामं घेणाऱ्याचा आकडा कायम सुंदर राहील.

@कोबावाला, मुदतींना पूर्ण अनुमोदन. एक अडचण मात्र राहते. पाच महिन्यांनी विचारलं की समाधानी माणूस उत्तर देत नाही, ओल आलेला मात्र न चुकता देतो. म्हणून सामायिक कामाला खुलं आवाहन करू नका. गच्चीखालच्या वरच्या मजल्याच्या सगळ्या सदनिकांना नावानिशी विचारा आणि "उत्तर नाही" हा आकडा वेगळा दाखवा. गप्प राहिलेले "हो"त धरू नका, "नाही"तही नको.

आता सदनिकेमागे एक मत. टॉवरची गच्ची गळली तर ते वरच्या दोन मजल्यांना कळतं. मत २८० सदनिका देतात. ही २८० वेगवेगळी मतं नाहीत. एकच काम, एकच ग्रुप, एकाचं वाचून दुसऱ्याचं बोट. पाहणीशास्त्रात याचा हिशोब आहे: मतं भागिले [१ + (मतं − १) × परस्परसाम्य]. परस्परसाम्य म्हणजे एका ठिकाणची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, ० ते १ मध्ये. एका सोसायटीतून ४० मतं आली आणि साम्य ०.५ धरलं, तर ४० भागिले २०.५, म्हणजे जेमतेम २ मतांचा ऐवज. पुढची गंमत अशी की याच साम्याला ४० ची ४०० केली तरी आकडा २ ओलांडत नाही. साम्य ०.१ एवढं कमी धरलं तरी ४० ची ८ होतात.

तेव्हा एकक "सदनिका" नको, "काम" हवं. एका कामाची एक फाइल. त्यात कितीही जणांनी उत्तरं दिली तरी त्यांचं प्रमाण काढून फाइलचं एकच मत. घरातल्या कामाला तशीही फाइल एका सदनिकेची असते, तिथे काही बदलत नाही.

बुडीत_खाते

हे टॉवरवाले मान्य करणार नाहीत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २७ मध्ये एका सभासदाला एक मत आहे. समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत. लोकांना तीच सवय आहे. २८० सदनिकांच्या वर्गणीवर यादी चालवायची आणि मत १६ सदनिकांइतकंच द्यायचं, हे सभेत कसं सांगणार?

सरासरीचा_शत्रू

असं सांगा: सभेतलं मत हा हक्क आहे, यादीतलं मत ही साक्ष आहे. एका अपघाताचे चाळीस साक्षीदार आले म्हणून अपघात चाळीस होत नाहीत. यादी कशी चालवायची, वर्गणी किती, कुणाला काढायचं हे ठरवताना खुशाल सभासदागणिक मोजा. कारागीर कसा आहे हे ठरवताना कामागणिक.

बुडीत_खाते

पटलं, पण पहिल्या सभेत हाणामारी होणार हे लिहून ठेवा.

मीटर_डाऊन

बिल्ल्याबद्दल कुणीच बोललं नाही. आराखड्यातली सर्वांत घातक कल्पना तीच आहे.

मत देणाऱ्याची पत मोजायचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने केला, २००८ पासून. तुमच्या उत्तराला वरचं (पसंतीचं) मत पडलं की १० गुण, खालचं (नापसंतीचं) पडलं की २ वजा, आणि उत्तराला खालचं मत देणाऱ्याचाही १ गुण जातो. १५ गुण झाल्याशिवाय वरचं मत देता येत नाही, १२५ झाल्याशिवाय खालचं नाही. मतांतून दिवसाला मिळणाऱ्या गुणांवर २०० ची मर्यादा. प्रत्येक आकड्यामागे कारण आहे: उंबरठा बोगस खात्यांसाठी, मर्यादा एका गाजलेल्या उत्तरावर गबर होणाऱ्यांसाठी, वजा एक गुण उगाच खाली खेचणाऱ्यांसाठी. तरी दोन गोष्टी निसटल्या. गुण वयाने झिजत नाहीत, म्हणून सुरुवातीला सोप्या प्रश्नांची उत्तरं दिलेल्यांना त्यावर आजही व्याज मिळतं. आणि सोपा प्रश्न जास्त लोक वाचतात, म्हणून अवघड उत्तराला कमी गुण.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाने दुसरी वाट धरली. प्रतिसादाची किंमत −१ ते ५ यांतच कोंबलेली, त्यामुळे झुंडीने मतं टाकून उपयोग नाही. पुढे त्यांनी माणसाच्या पतीचा आकडाही लपवला आणि शब्द ठेवले, कारण लोक त्याचा खेळ करायला लागले होते.

आपल्या यादीत "जास्त शेरे लिहिले की बिल्ला" म्हणजे काय होईल? ज्याच्या घरी काम कमी निघतं तो शहाणा माणूस कायम बिनबिल्ल्याचा, आणि दर महिन्याला फ्लश दुरुस्त करून घेणारा मोठा परीक्षक. शेऱ्यांच्या संख्येला किंमत दिली की संख्या मिळेल, साक्ष मिळणार नाही.

वजन माणसाला देऊ नका, पुराव्याला द्या. यूपीआयची पावती किंवा बिलाचा फोटो असेल तर १. नसेल तर ०.५. शून्य नको, कारण निम्मे मिस्त्री रोख घेतात. आणि कृपा करून जीएसटी क्रमांकाचं बिल सक्तीचं करू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. या अटीने एकटा काम करणारा चांगला मिस्त्री बाहेर पडेल आणि माणसं पुरवणारे ठेकेदार तेवढे उरतील.

गोणपाट

दोन मुद्दे, दोन्ही लपवाछपवीचे.

एक. स्वतःचं मत देण्याआधी आकडा दिसता कामा नये. २०१३ मध्ये "सायन्स" नियतकालिकात मुच्निक, अराल आणि टेलर यांचा प्रयोग आला होता. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर त्यांनी काही प्रतिसादांना, कुठलेही उचलून, सुरुवातीलाच एक वरचं मत चिकटवलं. तेवढ्यावर शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. खालचं मत चिकटवलेल्यांना मात्र पुढच्या लोकांनी सावरून घेतलं. म्हणजे झुंड वरच्या दिशेला जास्त धावते. ठेकेदाराच्या ओळखीतली पहिली दोन मतं म्हणूनच महाग पडतात.

दोन. सूड. ईबे या ऑनलाइन बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना शेरे द्यायचे, तेव्हा घेणारा वाईट लिहायला घाबरायचा, कारण उलट वाईट शेरा यायचा. २००८ मध्ये त्यांनी विकणाऱ्याचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. राहायला घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये निराळं केलं: दोघांनी लिहून झाल्यावर किंवा १४ दिवस उलटल्यावर दोन्ही शेरे एकदम उघडायचे. आपल्याला दुसरी पद्धत बरी. कारण आपल्याकडे घाबरायची पाळी बहुतेक वेळा कारागिरावर असते.

कोबावाला

गोणपाट, म्हणजे कारागिरानेही सोसायटीला मत द्यायचं?

गोणपाट

द्यायलाच हवं. तीन प्रश्न: ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळाले का? कामाला पाणी आणि वीज मिळाली का? सामान चढवायला लिफ्ट वापरू दिली का? सातव्या मजल्यावर सिमेंटच्या गोणी जिन्याने चढवायला लावून वर "उशीर केला" असा शेरा द्यायचा, हे चालणार नाही. निकाल सदनिकेच्या नावावर नको, सोसायटीच्या नावावर.

फॉर्म भरायला लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा निरोप, हिंदी किंवा मराठी, यादी सांभाळणाऱ्याने लिहून घ्यायचा. आणि कारागिराबद्दलचा वाईट मजकूर छापण्याआधी त्याला ७२ तास उत्तराची संधी, दोन्ही मजकूर शेजारीशेजारी. मतमोजणी थांबवायची नाही, फक्त मजकूर थांबवायचा.

मजकुराचा नियमही आत्ताच लिहून ठेवा. "चोर आहे" चालणार नाही, "४,००० सांगून ५,२०० घेतले" चालेल. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि सेक्रेटरीला कोर्टाच्या फेऱ्या नको असतात. ऑनलाइन शेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आहे. आलं तेव्हा सक्तीचं नव्हतं. पण शेरे गोळा करणं, तपासणं आणि छापणं यांचे आपले नियम लिहिण्याआधी ते चाळा.

बुडीत_खाते

आता ज्या विषयावर सगळे चहा पीत गप्प आहेत तो: संगनमत. ठेकेदार कमिटीने निवडलेला, आणि त्याच्या कामाला मत देणारी पण कमिटीच. सेक्रेटरीचा मेहुणा असेल तर बोलायलाच नको.

यावर सूत्र नाही, कामाची वाटणी आहे. सामायिक कामाच्या फाइलमध्ये कमिटीने फक्त आकडे भरायचे: किती निविदा आल्या, अंदाज किती, शेवटचं बिल किती, काम कधी सुरू, कधी संपलं, हमी किती वर्षांची. "ओल आली का" आणि "पुन्हा बोलवाल का" हे फक्त कमिटीबाहेरच्या सदनिकांनी. नातं असेल तर फाइलवर लिहायचं. लपवलेलं निघालं तर ती फाइल मोजणीतून बाद.

लिंकचंही तेच. सेक्रेटरीने वाटलेली लिंक म्हणजे सेक्रेटरीच्या हातात मतदारयादी. सदनिकेमागे एकदाच वापरता येणारा संकेतांक यादीच्या केंद्राकडून जाऊ द्या. आणि तो घरात राहणाऱ्याला, मालकाला नव्हे. पुण्यात राहणाऱ्या मालकाला नळ गळतो की नाही ते काय ठाऊक? नुसत्या मोबाइल ओटीपीवर विसंबू नका, एका घरात सहा सिम असतात.

मीटर_डाऊन

+१. एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) कम्युनिटी नोट्सचं, म्हणजे पोस्टखाली वाचकांनी लिहिलेल्या टिपांचं, तत्त्व याच जातीचं आहे. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना दोन्हीकडून टीप उपयोगी वाटली तरच ती दिसते. त्यांचं गणित ३४ सोसायट्यांच्या मतांवर चालणार नाही, पण ढोबळ अवतार करता येईल: घरात स्वतः राहणारे मालक आणि भाडेकरू यांचे आकडे वेगळे काढा, आणि क्रमाला दोन्हींतला कमी असलेला घ्या.

धोक्याची घंटाही ठेवा. महिन्याला दोन मतं येणाऱ्याला ४८ तासांत पाचाहून जास्त आली, की ती थांबवून पावत्या पाहायच्या. सूत्र सगळ्यांना दाखवा, घंटेचे आकडे दाखवू नका.

पत्र्याची_शेड (धागाकर्ता)

बिल्ला रद्द, तारे रद्द. हाणामारीची तयारी चालू. 🙂 दोन प्रश्न उरले. लिफ्टवाल्यांना या यादीत घ्यायचं का? आणि क्रम कसा दाखवायचा? पहिल्यालाच सगळे फोन करतील.

सरासरीचा_शत्रू

लिफ्ट नको. वार्षिक करार, मोजक्या कंपन्या, मत द्यायला निवडच नाही. बिघाडाच्या वहीतून महिन्याला किती वेळा बंद आणि किती तासांत माणूस आला, एवढे दोन आकडे टाका. ते मतापेक्षा बोलके असतात.

क्रम. पहिल्या क्रमांकाच्या प्लंबरला सगळे फोन करणार, तो उशिरा येणार, घाईत काम करणार आणि वर्षभरात खाली घसरणार. आणि नव्याला कामच न मिळाल्याने मतं कधीच साठणार नाहीत. म्हणून पाच नावं दाखवा. चार वरची, पाचवं पाचाहून कमी फाइली असलेल्यांतून चिठ्ठी टाकून, "नवीन" असं स्पष्ट लिहून. वरच्या चारांतही ०.७७ आणि ०.७५ यांत फरक आहे असं समजू नका. ०.०५ च्या आतल्यांची अदलाबदल दर वेळी होऊ द्या.

कोबावाला

पण मग पडलेला माणूस नाव बदलून "नवीन" म्हणून परत येणार. फोन नंबर बदलला, व्हिजिटिंग कार्ड बदललं, की पाटी कोरी. वॉटरप्रूफिंगमध्ये तर हा धंद्याचा भागच आहे, हमीसुद्धा कंपनीबरोबरच विरघळते.

सरासरीचा_शत्रू

म्हणून नव्याची सुरुवात सरासरीवर करायची नाही, थोडी खाली करायची. वर मी काल्पनिक मतं ४.१ ची सांगितली ती इथे चुकतात. सरासरीहून वाईट असलेल्या प्रत्येकाला नाव बदलणं फायद्याचं ठरतं. विल्सनच्या खालच्या मर्यादेत हे आपोआप सांभाळलं जातं, कारण मतं कमी तर आकडा कमी. मात्र खरोखर नव्याला ही किंमत फुकट मोजावी लागते, म्हणून ती पाचवी जागा.

कोबावाला

ठीक. मग फाइलवर दोन नावं घ्या: काम घेणारा आणि जागेवर काम करणारा मिस्त्री. रंगकामात ठेकेदार तोच असतो, टोळी दर वेळी वेगळी. चांगल्या टोळीच्या जोरावर ठेकेदाराने पत कमवायची आणि पुढच्या सोसायटीत नाक्यावरून उचललेली माणसं पाठवायची, हे नेहमीचं. पैसे, वेळ आणि हमी यांची उत्तरं ठेकेदाराच्या खात्यात. दोष परत आला का, हे दोघांच्या. मिस्त्री ठेकेदार सोडून गेला तर त्याची पत त्याच्याबरोबर जाईल, आणि ठेकेदाराने पाटी बदलली तरी हाताखालचे मिस्त्री तेच निघाले की जुनी फाइल सापडेल. मिस्त्रीचं नाव काम सुरू व्हायच्या दिवशी वॉचमनच्या वहीतून घ्या, बिलावरून नको.